कुंभार लागलाय

“दापोली तीन, गुहागर…”

त्याने आवाज खाली ओढला आणि थांबला. पुढचा आकडा माझ्या लेकीने, रुक्कीने सांगायचा होता. तिने सांगितला नाही. माझ्या मांडीवर तिचं डोकं तव्यासारखं तापलं होतं. ओठ पांढरे पडले होते.

“रुक्के, आवाज खाली गेला ना? मग गुहागर हरलं की जिंकलं?”

तो पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, “दापोली तीन, गुहागर…”

आम्ही ट्रकखाली बसलो होतो, कारण सावली तेवढीच होती. दुबईहून अबू धाबीला निघालेला ट्रक खाऱ्या जमिनीत रुतला होता. ती जमीन वरून भाकरीसारखी कडक, आत सगळा चिखल. बाहेर काढताना मागचा आसही मोडला. तेव्हा तिथे रस्ता नव्हता. आधीच्या गाड्यांच्या चाकांच्या खुणा होत्या, त्या बघत जायचं. बलुची ड्रायव्हर थोडं पाणी घेऊन मदत आणायला चालत गेला. जाताना म्हणाला, “भाभी, गाडी छोडके मत जाना. इन्शाल्ला, शाम तक आता हूँ.” रुक्कीचा बाप तेलाच्या कॅम्पवर सुतार होता. आम्ही त्याच्याकडे निघालो होतो, पण कोणत्या दिवशी पोचणार ते त्याला ठाऊक नव्हतं.

आकडे सांगणारा हा माणूस आमचा दुबईतला शेजारी. खजुरीच्या झावळ्यांच्या घरांची आमची ओळ होती, सगळी रत्नागिरीकडची माणसं. तो इंग्रज साहेबांच्या मेसमध्ये स्वयंपाकी. कॅम्पवर नवी मेस निघाली, तिकडे त्याला पाठवत होते, म्हणून तोही त्याच ट्रकवर. ठेंगणा, जाडा, घामट माणूस. आधी बोटीवर होता. लंडनला पाय मोडला तेव्हा बोट त्याला तिथेच ठेवून गेली. अख्खा हिवाळा त्याने एका म्हातारीच्या घरी भाड्याच्या खोलीत काढला, पाय स्टुलावर आणि डोळे टीव्हीवर. इंग्रजी बेताचंच कळायचं, पण शनिवारचा कार्यक्रम सकाळपासून शेवटपर्यंत तोंडपाठ.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण आमच्यापैकी कुणीही टीव्ही पाहिला नव्हता. आमचा टीव्ही तोच. संध्याकाळी अंगणात बसून तो दाखवायचा. सकाळी नुसती नक्षी. “गोल आणि रेघा. तरी लोक बसतात, भाबी.” दुपारी घोड्यांची शर्यत. मग फुटबॉलचे निकाल. निकाल वाचणाऱ्याच्या आवाजावरूनच म्हणे कळायचं, कोण हरलं. हा तसाच आवाज काढायचा, गावं मात्र आपली घ्यायचा. तो स्वतः गुहागरचा, पण रुक्कीचा बाप दापोलीचा, म्हणून दापोली कधी हरली नाही.

मग बातम्या, पोलिसांची गोष्ट, आणि शेवटी राणीचं गाणं. त्याला सगळ्यांनी उभं राहायचं. गाणं झालं की चित्र आकसून एक पांढरा ठिपका उरायचा आणि तोही जायचा. माझ्या नातीला हे खोटं वाटतं. “टीव्ही नेव्हर स्टॉप्स, दादी,” ती म्हणते.

माझा नवरा तेव्हा अजून दुबईतच होता. तो मात्र बसूनच राहायचा. “तुझी राणी मला भाकऱ्या भाजून देते का? मी नाही उठत.”

“बस. तुझ्यामुळे उद्याचा कार्यक्रम रद्द.”

आणि कुंभार. तिकडे मध्येच काही बिघडलं की दुरुस्ती होईपर्यंत पडद्यावर एक कुंभार दाखवायचे. नुसते हात, चाक आणि माती. “मडकं कधी पुरं होत नाही,” तो सांगायचा. “पुरं व्हायच्या आत कार्यक्रम सुरू होतो.” आमच्या ओळीत तो शब्दच झाला. स्टोव्ह विझला, कुंभार लागला. खाडीत होडीचं इंजिन बंद पडलं, कुंभार लागला. एकीचा नवरा गावी गेला तो परतेचना, तर तीही म्हणाली, “काय सांगू, आमच्याकडे कुंभार लागलाय.”

आस मोडला तेव्हा त्याने खाली उतरून चाक पाहिलं आणि साहेबी आवाजात जाहीर केलं, “माफ करा. कुंभार लागलाय.” रुक्की हसली. मला हसू आलं नाही.

मग त्याने शनिवार सुरू केला. वार मंगळवार होता. नक्षी झाली, घोडे पळाले. मध्येमध्ये तो ट्रकवर चढून माझी लाल चादर हलवायचा आणि आणखी लाल होऊन खाली यायचा.

“बस आता. घोडे नंतर पळतील,” मी म्हटलं.

“घोडे कुणासाठी थांबत नाहीत, भाबी.”

डब्यात पाणी तळाला गेलं होतं. मी ओढणीचं टोक भिजवून रुक्कीच्या तोंडात पिळत होते. त्याने आपला पेला ओठांना लावला आणि होता तसा परत डब्यात ओतला.

“पी की सरळ.”

“स्वयंपाक्याला चाखायची सवय असते,” तो म्हणाला.

त्याने त्यागबिग केला असं मी म्हणणार नाही. जाड माणसाला ऊन सोसत नाही, आणि हा एका जागी बसायला तयार नव्हता.

“दापोली तीन, गुहागर…” पुन्हा, आणि पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही. मग रुक्कीचे ओठ हलले.

“शून्य.”

“शून्य! शाबास.”

“गुहागरचं नेहमी शून्यच का, मामू?”

“गोलकीपर मंडणगडचा आणलाय ना.”

त्यानंतर तोच बिघडला. बातम्यांत घोडे आले, पोलीस फुटबॉल खेळायला लागले. घामट माणूस, पण आता अंगावर घामाचा थेंब नव्हता. हात लावला तर चटका. त्याच्या तोंडात पाणी घातलं, ते बाहेर ओघळलं. मग तो उठायला लागला. डोकं वर ट्रकच्या लोखंडाला आपटलं.

“राणीचं गाणं. उठा.”

मी त्याचा सदरा धरून खाली ओढला. “गाणं लावायचं नाही!” मी ओरडले. “कुंभार लाव.”

तो खाली बसला. “बरं. कुंभार.”

त्याने दोन्ही हात समोर धरले, बोटं वाकवून, मध्ये माती असल्यासारखी. हात हळूहळू वर चढवले. पोट झालं, गळा झाला. रुक्की डोळे उघडून बघत होती.

“मामू, मडकं झालं.”

“होऊ देणार नाही,” तो म्हणाला. हात उघडले आणि पुन्हा खालून सुरुवात केली.

असं तो करत राहिला. ऊन तिरपं होऊन ट्रकखाली आलं. मी रुक्कीवर वाकून तिला सावली केली. तो मडकं गळ्यापर्यंत आणायचा आणि मोडायचा. एकदा हात गळ्यापर्यंत आलेच नाहीत. ते मांडीवर उतरले आणि तिथेच राहिले.

“मामू, पुढे,” रुक्की म्हणाली.

ड्रायव्हर कंपनीची गाडी घेऊन आला तेव्हा अजून उजेड होता.

ट्रकवर आम्ही चौघं होतो. ड्रायव्हर, रुक्की आणि मी, एवढे जगलो.