तांब्याचं टोपडं

ताईने ज्या दिवशी डोक्यावर घालायचं तांब्याचं काहीतरी करून दे असं फर्मान काढलं, त्या दिवशी वायंडरला आधी हसू आलं आणि मग धास्ती वाटली. हसू आलं ते त्या वस्तूचं. ध्यानाच्या वर्गातल्या बाई तिला ऊर्जामुकुट म्हणत. दोन्ही कानांवर तांब्याच्या तारेची एकेक चकती, कपाळावर एक पांढरा खडा, आणि सगळं मिळून म्हणे डोक्यातला गोंधळ ओढून घेतं. आणि धास्ती वाटली ती ताईच्या पुढच्या वाक्याने. याने गुण आला तर ठीक, नाहीतर बाईंच्या गुरूंचं डोंगरावर जे केंद्र आहे तिथे म्हाताऱ्या बायकांसाठी खोल्या आहेत, त्यातली एक तिने विचारून ठेवली होती.

ताईने एखादी गोष्ट विचारून ठेवली म्हणजे ती जवळजवळ झालीच, हे वायंडरइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याचं सगळं आयुष्य तिच्या हाताखाली गेलेलं. तो आता सत्तरीला टेकलेला, तरी ती त्याला छोटू म्हणे, तेही चारचौघांत.

दोघांचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. पंपांच्या, पंख्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांची काळी पडलेली तार उपसून नवी भरायची आणि धडधाकट करून परत पाठवायच्या, हा वडिलांचा धंदा. वडिलांनी तार भरायला शिकवलं ते मुलाला, म्हणून त्याला सगळे वायंडर, म्हणजे तार भरणारा, म्हणत. मुलीला काही शिकवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं, पण ती आपली येता जाता ऐकत असे. एकदा पाण्याच्या पंपाची मोटर दुरुस्त होऊन निघाली होती, वडील गिऱ्हाइकाच्या हातात ती देणार, तेवढ्यात परकरी वयाची ही पोर मागून म्हणाली की मागच्या अंगाचं बेअरिंग दोन दिवसांचं सोबती आहे. वडील तिच्यावर खेकसले. दोन दिवसांनी गिऱ्हाईक त्यांच्यावर खेकसलं.

तेव्हापासून तपासणीचं काम ताईचं झालं. लांब पेचकसाचं टोक ती चालू मोटारीच्या अंगाला टेकवायची, मूठ कानाच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायची. दुकानात मग कुणी शिंकायचंसुद्धा नाही. डोळे उघडून ती जे सांगेल ते खरं. गल्लीत तिला डॉक्टरीणबाई म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं, फक्त तसं दाखवायची नाही. लग्नाचं दोनतीनदा निघालं होतं. आपलं बोलणं संपेपर्यंत गप्प बसेल असा माणूस काही भेटला नाही, असं ती नंतर सांगायची. वायंडरचं लग्न झालं, बायको देवाघरी गेली, मुलगी लग्न होऊन दूर गेली. आणि पुन्हा दोघंच उरली, एक तार भरणारा, एक ऐकणारी.

ते दिवस आठवले की वायंडरला आधी आवाजच आठवत. चाचणीच्या टेबलावर सकाळपासून काहीना काही गुरगुरत असायचं. पंपाची मोटर जड आवाजाची, शिलाई मशीनची किरकिरी, गिरणीची एखादी अशी की समोरच्या शिंप्याच्या कात्र्या नाचायच्या. शिंपी भांडायला यायचा आणि चहा पिऊन जायचा. या सगळ्यावर ताईचा आवाज. जेवतानाही दोघं ओरडून बोलत. कुणी पाहुणा आला तर त्याला वाटायचं, भावाबहिणीचं कडाक्याचं भांडण चाललंय.

पुढे वायंडरला बारीक तार दिसेनाशी झाली. लोकही जळलेली मोटर भरून घेण्यापेक्षा नवी आणू लागले. दुकान बंद झालं, तेही काही वाजतगाजत नाही. एका आठवड्यात काम आलं नाही, पुढच्या आठवड्यातही आलं नाही, मग एक दिवस ताईनेच टेबल पुसून वर चादर टाकली.

त्यानंतर शिट्टी सुरू झाली. पहिल्यांदा ताईने नळ नीट बंद करायला सांगितला. नळ बंदच होता. मग तिने फ्रिजवर संशय घेतला, मग शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. शेवटी तिच्या लक्षात आलं की आवाज बाहेर नाहीच, आपल्याच कानात आहे, बारीक, न थांबणारा, उकळत्या किटलीसारखा. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. एवढी वर्षं मोटारींच्या गलक्यात काढल्याने आतल्या नसा झिजल्या आहेत, यावर औषध नाही, सवय करून घ्या, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या आवाजातला दोष काढला, तिच्याच कानात असा दोष बसला, आणि तो उघडून दुरुस्त करायची सोय नाही. ताई चिडचिडी झाली, जेवण कमी झालं, झोप उडाली. वायंडरने रेडिओ लावून पाहिला, तर त्या बडबडीने डोकं उठतं म्हणून तिने तो बंद करायला लावला. शिंप्याची बायको तिला ध्यानाच्या वर्गाला घेऊन गेली. तिथे तर सगळे डोळे मिटून चिडीचूप बसायचे, आणि त्या शांततेत ताईची शिट्टी दुप्पट व्हायची. अशा वेळी बाईंनी मुकुटाचं सुचवलं.

“तारेच्या वेटोळ्याने कानातला आवाज जात नाही ताई,” वायंडर म्हणाला. “आयुष्यभर वेटोळीच केली आपण. कुणाचं काही बरं झालं का?”

“मोटारींचं झालं,” ताई म्हणाली. “आणि तू करणार नसशील तर मी बाहेरून आणीन.”

वायंडरच्या घरात तारेचं वेटोळं बाहेरून येणार! शिंप्याला कळलं असतं तर त्याने महिनाभर हसून घेतलं असतं. वायंडरने टेबलावरची चादर काढली.

सुतळीने त्याने ताईच्या डोक्याचं माप घेतलं. इतकी वर्षं जिची सगळ्या घरावर जरब, तिचं डोकं एवढंसं निघालं. केस पांढरे आणि विरळ, कानामागे पेचकसाच्या मुठीने पडलेला एक घट्टा. तो त्याने पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. मग जुन्या लाकडाचा फर्मा तासला, जाड तारेची कडी वाकवली, कडेने सुती पट्टी गुंडाळली, म्हणजे कपाळाला रुतू नये. चकत्यांची मात्र पंचाईत झाली. मोटारीच्या तारेवर लाखेसारखा लेप असतो, आणि बाईंचं म्हणणं, तांबं उघडं हवं. सगळी तार पात्याने खरवडायची म्हणजे नाकी नऊ येण्यातलाच प्रकार. ताईने काही न बोलता तारेचं दुसरं टोक हातात घेतलं आणि दोघं समोरासमोर बसून खरवडू लागली.

दुपारभर ते चाले. डावी चकती कुठल्या बाजूने फिरवायची आणि उजवी कुठल्या, यावरून एकदा जोरात वाजलं. नंतर वार्निशवरून वाजलं. वायंडरचा हट्ट की वार्निश न लावलेलं काम आपल्या दुकानातून आजवर गेलेलं नाही, ताईचा हट्ट की वार्निश लावलं तर ऊर्जा जाणार कुठून. शेवटी फक्त सुती पट्टीला वार्निश लावायचं ठरलं. त्याचा तो ओळखीचा, नाकाला झोंबणारा वास खोलीत पसरला, तेव्हा ताईने मोठ्याने श्वास घेतला आणि म्हणाली, वडील आत्ता आतून येतील आणि चहा मागतील. वायंडरला एकदम फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून काही बोलली होती. हे टोपडं कधी पुरं होऊच नये, असंही त्याच्या मनात आलं.

पण ते पुरं झालं, आणि झालं झकास. रोज सकाळी ताई पुढच्या खोलीत ते घालून डोळे मिटून बसू लागली. वायंडर आतून फटीतून बघे. तिचा जबडा आवळलेला असे, हातांच्या मुठी वळलेल्या असत. उठल्यावर तो विचारी, आणि ती म्हणे, थोडं कमी वाटतंय खरं. ती खोटं बोलतेय हे त्याला लगेच कळे, कारण खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. आपण एवढी तार खरवडली म्हणून ही आपलं मन राखतेय, हे त्याला जास्त लागलं. त्याच आठवड्यात तिने माळ्यावरची पेटी खाली काढून उन्हात ठेवायला सांगितली. पेटीला कुबट वास येतो म्हणून, एवढंच कारण दिलं. वायंडरचं जेवणावरून मन उडालं.

त्या पेटीच्या मागे, माळ्यावर, एका लाँड्रीवाल्याच्या पंख्याची मोटर पडली होती. दुरुस्तीला दिली ती दिलीच, नेलीच नाही. पाती नव्हती, नुसती मोटर. वायंडरने ती सहज जोडून पाहिली, आणि ती अशी काही भरल्या आवाजात घुमू लागली की त्याला आपलं सगळं दुकान समोर उभं राहिल्यासारखं वाटलं. तो तसाच तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दुकान चालू होतं तोवर ताईला शिट्टी कुठे ऐकू येत होती?

दुसऱ्या दिवशी ती ध्यानाला बसण्याआधीच त्याने मागच्या खोलीत मोटर टेबलाला पक्की आवळली, खाली घोंगडी घातली, चालू केली आणि दार लावून घेतलं. पुढच्या खोलीत आवाज म्हणण्यासारखा येत नव्हता, नुसती भिंतीतून एक गुणगुण. सांगायचं मात्र त्याने टाळलं. मुकुटाचा उपयोग नाही हे कबूल केलं की ताई पेटी भरायला मोकळी, एवढंच त्याला दिसत होतं. फटीतून पाहिलं तर तिच्या मुठी हळूहळू उघडत होत्या. नंतर मान कलली. ती चक्क बसल्या बसल्या झोपली होती. वायंडरला रडूच आलं, आणि मग आपलंच हसूही आलं.

त्यानंतर ताई जेवू लागली, शिंप्याशी भांडू लागली. वर्गातल्या बाई मुद्दाम घरी आल्या. चांगल्या मनाच्या होत्या. ताईशेजारी बसून त्यांनीही डोळे मिटले आणि उठताना म्हणाल्या की या खोलीतली कंपनं फार सुंदर आहेत. ताई त्यांच्याकडे न बघता पदराशी चाळा करत राहिली. वर्गातल्या इतरांसाठीही असे मुकुट करून द्याल का, असं बाईंनी वायंडरला विचारलं. आता प्रत्येकीच्या मागच्या खोलीत मोटर कुठून बसवायची? डोळे अधू झालेत, असं सांगून त्याने कशीबशी सुटका करून घेतली. डोंगरावरच्या खोलीचा विषय मात्र ना ताईने काढला, ना त्याने. पेटी तशीच कोपऱ्यात होती.

एका सकाळी मोटर घासू लागली. फार नाही, फिरताना मधूनच एक कोरडा खरखरीत आवाज. वायंडर मागच्या खोलीत हातावर हात ठेवून बसला होता. बंद केली तर ताईला कळेल, चालू ठेवली तर बेअरिंग जाईल. एवढं बारीक तिला आता कुठलं ऐकू येणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. तरी राहवेना, म्हणून दार किलकिलं करून बघितलं. ताई मुकुट घालून, डोळे मिटून ताठ बसलेली.

“पुढचं बेअरिंग वाळलंय,” ती डोळे न उघडता म्हणाली. “ग्रीस घाल, नाहीतर लाँड्रीवाल्याला काय तोंड दाखवशील?”

लाँड्रीवाला जाऊन किती तरी वर्षं झाली होती. वायंडरला चोरी पकडल्यासारखं झालं. केव्हापासून माहीत आहे, असं त्याने चाचरत विचारलं. पहिल्या दिवसापासून, ताई म्हणाली. ही मोटर तिनेच तेव्हा तपासली होती, तिचा आवाज ती विसरेल कशी? आणि चालत्या मोटारीवर दार लावून ती ताईपासून लपवायची अक्कल जगात एकट्या छोटूलाच सुचू शकते.

“मग हे टोपडं कशाला घालून बसतेस रोज?”

“हे घातलं की तू आत जाऊन मोटर लावतोस. न घालता बसले असते तर लावली असतीस?”

त्याला विचारायचं होतं ते वेगळंच, पण ते तोंडातून निघेना. कोपऱ्यातल्या पेटीकडे त्याची नजर गेली. ताईने आता डोळे उघडले होते.

“त्या बाई घरी आल्या होत्या, तेव्हाच दारापर्यंत सोडताना त्यांना सांगितलं मी, खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून,” ती म्हणाली. “तिथे म्हणे पान पडलं तरी ऐकू येतं. तेवढ्या शांततेत मी आणि ही शिट्टी, दोघींनी काय करायचं रे? इथे निदान तू आहेस खुडबुड करायला.”

मागे जाऊन त्याने मोटर थांबवली, फळीवरून ग्रीसचा डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, आणि डोळ्यांसमोर सगळं धूसर झाल्यामुळे ते बराच वेळ त्याच्याने उघडेना. पुढच्या खोलीतून ताई हाका मारत होती की किती वेळ लावतोस, शिट्टी सुरू झाली बघ.