पुढच्या पाळीची गाडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यात भाजीवाल्यापाशी मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. "कुंदा... हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. त्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून भाजीवाल्यानेही मान वर केली. मी म्हणाले, "असं कसं? बेल्ट तर आत्ताच बदलला ना!" पलीकडून वहिनी म्हणाली, "तेच तर..." त्यानंतर घरी आलेल्या किती जणांनी मला समजावलं. सुटला म्हणे, फार हाल झाले नाहीत म्हणे. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझा दादा गेला, आणि तो निघाला आहे हे त्याने आम्हाला त्याच्या पद्धतीने सांगूनसुद्धा आम्हाला कळलं नाही. लिहून काढ, बरं वाटेल, असं एक मैत्रीण म्हणाली. मला वाटत नाही. पण गप्प बसूनही कुठे बरं वाटतंय?

दादाने आयुष्यभर डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सचं काम केलं. पाळ्यांची नोकरी. घरी यायची त्याची वेळ कधीच नक्की नसायची, कारण त्याचा स्वतःचा एक नियम होता. पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात मशीनचा बदलायला आलेला पट्टा द्यायचा नाही. आपल्या पाळीत बदलायचा, मग कितीही उशीर होवो. आणि बदलून झाल्यावर लगेच पिशवी उचलून निघायचं नाही. मशीन चालू करायचं, एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला नवीन आलेला माणूस, दोघांनी उभं राहून मिनिटभर आवाज ऐकायचा. तो माणूस "घेतली" म्हणाला, म्हणजे पाळी त्याने घेतली, की आपण मोकळे. अमेय, म्हणजे त्याचा मुलगा, पहिलीत होता तेव्हा त्याच्या वाढदिवसाला हा असाच अडकला. पोरं केक खाऊन, टोप्या फाडून घरी गेली, तेव्हा साहेब उगवले, कोपरापर्यंत काळे हात घेऊन. वहिनी बोलायची थांबेना. दादा शांतपणे म्हणाला, "मी येऊन केक खाल्ला असता, आणि पट्टा दुसऱ्या कुणाच्या अंगावर तुटला असता." अमेयला यातलं काय कळलं देव जाणे, पण पुढे कित्येक दिवस तो खेळण्यातली गाडी शेजारच्या मुलाला देताना आधी कानाशी धरून ऐकायचा आणि "आता म्हण, घेतली," असा हुकूम सोडायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

निवृत्त झाल्यावर कारखान्यातली सगळी काळजी त्याने आपल्या गाडीवर ओतली. मोटारीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट नावाचा एक दातेरी पट्टा असतो हे बहुतेकांना तो तुटेपर्यंत माहीत नसतं. मलाही नव्हतं. ब्रेक झिजले की कुरकुरतात, टायर झिजलेले दिसतात. हा पट्टा मात्र झाकणाच्या आत असतो आणि सांगून तुटत नाही. तुटला की इंजिनातले भाग एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. म्हणून तो कधी बदलायचा हे आधीच ठरवावं लागतं. गाडीच्या पुस्तकात एक आकडा किलोमीटरचा दिलेला असतो आणि एक वर्षांचा, त्यातला जो आधी येईल तो धरायचा. दादा मला बजावून थकला. मी म्हणायचे, "अरे, माझी गाडी चालतेच कुठे? नौपाड्यात मी सगळीकडे पायी जाते." तो म्हणायचा, "कुंदे, गाडी उभी असली तरी रबराचं वय थांबत नाही." मी ऐकते थोडीच! शेवटी घोडबंदर रोडवर, भर उड्डाणपुलावर, माझी गाडी कण्हलीसुद्धा नाही, नुसती थांबली. दादा डोंबिवलीहून रिक्षा करून आला. मला वाटलं आता उद्धार होणार. पण तो नुसता बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "बिचारी." गाडीला म्हणाला, मला नव्हे.

त्याच्या स्वतःच्या गाडीला असली वेळ कधी आली नाही. आकडा जवळ आला की जेवताना जाहीर व्हायचं, "या महिन्यात बेल्ट." मग मानपाड्याच्या भोईरकडे गाडी जायची. भोईर तिथलाच भूमिपुत्र, स्वतःच्या जागेत मोठं गॅरेज थाटलेला, गळ्यात जाड साखळी. दादा तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दिवसभर काम बघायचा. दोघांचं उत्तम जमायचं, कारण दोघेही एकमेकांना अडाणी समजायचे.

मग दादाच्या पोटात ते निघालं. मी ठाण्याहून डोंबिवलीला जायची, त्याचीच गाडी काढायची, त्याला ठाण्याच्या इस्पितळात न्यायची आणि संध्याकाळी परत सोडायची. डॉक्टर चांगले होते, पण कधीही काहीही विचारा, "बघू या" म्हणायचे. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून दिलं आणि दादाकडे बघायला लागलो. आयुष्यभर ज्याचा अंदाज चुकला नाही त्याला स्वतःचंही कळणारच, असं आम्हाला वाटायचं. त्यातच बेल्टचा आकडा आला... आणि दादा काहीच बोलला नाही. वहिनीला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण माणूस कळतो. ती स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "यंदा बेल्टचं नाव काढलं नाही गं त्यांनी." पुढच्या खेपेला शिळफाट्याच्या सिग्नलला अडकलो असताना मी विषय काढला. "दादा, बेल्ट करून घेऊ या ना." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "राहू दे. ठाण्याच्या एवढ्या खेपा होतील त्यात." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मला पहिला गिअर सापडेना.

वहिनीने मग पिच्छाच पुरवला. देवाला काही बोलली असेल ते वेगळं, पण तिचा खरा नवस तो बेल्ट होता. तो बदला, एवढंच तिचं म्हणणं. आणि मीही तिच्याच बाजूने. दादा ऐकून घ्यायचा आणि कूस बदलायचा. तिकडे कॅनडात अमेयने रजेसाठी साहेबांच्या हातापाया पडून तिकीट काढलं. ते कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंथरुणातून स्वतःहून उठून बसला आणि मला फोनवर म्हणाला, "कुंदे, ये. भोईरकडे जाऊ. बेल्ट करून टाकू." मी अक्षरशः धावत गेले. कानटोपी घालून तो दिवसभर त्या खुर्चीवर बसला. बेल्ट बदलला, त्याबरोबरचे रोलर बदलले, पाण्याचा पंप बदलला. बॅटरी नवी घातली, वायपर नवे, स्टेपनीतली हवासुद्धा बघून घेतली. मी मनात म्हटलं, पठ्ठ्या अजून पुष्कळ चालवणार! घरी आलो तर वहिनीने शिरा केलेला, वेलदोडा, बेदाणे, सगळं घालून. दादा वाटीकडे बघत राहिला, मग वहिनीकडे. मग त्याने चार घास खाल्ले. आणि त्याच रात्री वहिनीने गॅलरीत जाऊन अमेयला फोन केला. "अरे, बाबांनी बेल्ट बदलून घेतला!" त्या घरात वाढलेल्या मुलाला याहून जास्त काही सांगावं लागलं नाही. तो फोनवर मोठ्याने हसला, मग रडला म्हणे. दोघांनी मिळून ठरवलं, आता घाईघाईने चार दिवस येण्यापेक्षा डिसेंबरात मोठी रजा घेऊन निवांत येईल. तिकीट पुढे ढकललं. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

दादा रोज विचारायचा, "अमेय कधी येतोय?" वहिनी टाळायची, त्याला एकदम डिसेंबरातच खूश करायचं तिच्या मनात होतं. शेवटी एकदा सांगितलंच. "आता येईल की सावकाश. डिसेंबरात, चांगला महिनाभर." दादा म्हणाला, "डिसेंबर..." आणि मग, "बरं." त्याच आठवड्यात मी गेले असताना त्याने हट्टाने खाली पार्किंगमध्ये नेऊन आणायला सांगितलं. मी गाडी चालू केली, त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि खांबाला टेकून एका बाजूला उभा राहिला. मला म्हणाला, "तू तिकडून उभी राहा." मी कसलीतरी बडबड करत होते. "कुंदे, गप जरा. ऐक." मी ऐकलं. म्हणाले, "छान चाललीये की." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कर बंद." त्याला जिना चढवताना मी त्याला चिडवत होते, की बघ, आता तुझ्यापेक्षा गाडीच ठणठणीत आहे.

अमेय आला तेव्हा फक्त फोटो होता. त्याला पोचायला दोन दिवस लागले आणि तेवढं थांबणं शक्य नव्हतं. आला तो सरळ आत जाऊन दादाच्या पलंगाच्या कडेवर बसला. वहिनी त्याच्यासमोर जायलाच तयार नव्हती. तेरावं झाल्यावर गाडीचं काय करायचं हा प्रश्न आला, म्हणून मी आणि अमेय ती घेऊन भोईरकडे गेलो. भोईर हात पुसत बाहेर आला, अमेयकडे बघून म्हणाला, "तुमीच ना अमेय? दादा बोलले व्हते, पोरगा येतोय. मना बोलले, 'भोईर, पुढच्या पाळीचा मानूस येतोय, त्याच्या हातात जुना बेल्ट नाय द्यायचा.' मी बोललो, दादा, गारी तं तुमीच चालवनार. तं हसले. बोलले, 'माझी पाळी संपली रे.'" मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून तो चपापला. "ताई, मना वाटला तुमच्या घरान सगल्यांना ठाव हाय."

ठाऊक होतंच की! पहिलीतल्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. बदलायला आलेला पट्टा माणूस कधी बदलतो? निघायच्या आधी. आम्हाला वाटलं तो राहतोय. अमेय येणार म्हणून त्याने तो बेल्ट बदलला, आणि बेल्ट बदलला म्हणून अमेय आला नाही. आणि शिऱ्याची वाटी पुढे आली तेव्हा त्याला काय वाटलं असेल? आम्हाला समजलंय, आणि वहिनी आपल्याला गोड तोंडाने निरोप देते आहे? की काहीच समजलेलं नाही? हे मला आता कुणीही सांगू शकत नाही. कोणी देवाची इच्छा वगैरे म्हणायला आलं तर मी उठून आत जाते.

अमेयने गाडी विकली नाही. भोईरकडून परत आल्यावर त्याने पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, गाडी चालू केली आणि बराच वेळ एका बाजूला उभा राहिला. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. किल्ली फिरवून बंद केली आणि वर जाऊन आईला सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, "मीच ना रे तुला येऊ नको म्हटलं." अमेय परत गेला. आता दर रविवारी मी डोंबिवलीला जाते. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालू करायला लागते, नाहीतर बॅटरी उतरते. मी बॉनेट उघडते आणि एका बाजूला उभी राहते. वहिनी जिना उतरून येते आणि दुसऱ्या बाजूला उभी राहते. इंजिन इतकं सुरेख चालतं की सांगता सोय नाही, अजून कित्येक वर्षं चालेल. एक मिनिट होऊन जातं, पाच होतात. "घेतली" एवढं म्हणायचं असतं, की आधीचा माणूस जायला मोकळा. ते आम्हा दोघींपैकी कुणीच म्हणत नाही. मी किल्लीकडे हात नेला की वहिनी म्हणते, "इतक्यात नको गं बंद करूस."