मामांच्या रक्ताची नळी

गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरमामा गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावायचे, मग मागच्या बर्फाच्या पेटीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, “सगळं बराबर!” पेटीत लोकांचं रक्त असायचं. मंठ्याच्या आसपासच्या गावांत लोक खरोखर काय खातात, ते रक्तातल्या खुणांवरून मोजायचं आमचं काम. मी रक्त काढायची, मामा गाडी चालवायचे.

तुम्हीही पाहिलं असेल, खाण्याबद्दल विचारलं की माणूस एकदम सज्जन होतो. वरण, भाकरी, पालेभाजी. मामा दारातूनच दम भरायचे, “खरं सांगा बरं का. न्हाई सांगितलं तरी ताईंच्या नळीत समदं दिसतं.” बायका पदराआड हसायच्या आणि फरसाण कबूल करायच्या.

माळेची गोष्ट मामा ज्याला त्याला सांगायचे. मामी डेंग्यूने दवाखान्यात होत्या, तेव्हा ते देवापुढं बोलले होते, ही उठली तर मटण-मासळी सोडली. मामी उठल्या, मामांनी माळ घातली.

मग त्यांच्याच गावाची पाळी आली. मामांचंही रक्त घेतलं. परतताना वाटूरच्या फाट्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

“ताई, मासळी बी दिसती का?”

“दिसते. काही आठवडे खूण राहते.”

त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली. “बाजारात तळू राह्यले होते. वास आला अन् माळ काढून खिशात घातली. एकदाच खाल्ली हो.”

“नमुन्यावर नाव नसतं मामा, नुसता नंबर. कुणाला कळायचं नाही.”

“माणसाचं भ्याव न्हाई मला.”

त्याच आठवड्यात मामींना पुन्हा ताप भरला. दोन दिवस त्यांनी अंगावरच काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा प्लेटलेट झपाट्याने उतरत होत्या. मामा धापा टाकत आमच्या प्रयोगशाळेत आले. “ती नळी फेका, ताई. ती हाय तवर देवापुढं पुरावा हाय.”

दिलेलं रक्त परत घ्यायचा हक्क प्रत्येकाला असतो. प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारून, त्यांच्याकडच्या यादीतल्या नंबरावरून मी नळी बाहेर काढली. माझा नवसावर विश्वास नाही. तरी त्या दिवशी मला भीती वाटली, साधी, लहानपणी अंधारात वाटायची तशी. मामांच्या डोळ्यांदेखत नळी टाकून दिली. त्यांनी कचऱ्याच्या पिशवीला हात जोडले. “आता उठंल ती,” म्हणत जवळजवळ पळतच गेले. उठू दे बाई, मीही मनात म्हणत होते.

मामी उठल्या नाहीत.

तेराव्यानंतर मामा गाडीची किल्ली द्यायला आले. मी डॉक्टरांचं बोलणं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू होता, यायला उशीर झाला, माशाचा काही संबंध नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“नळी फेकली आपण, ताई,” ते म्हणाले. “पण बाकीचं रक्त माझ्या अंगातच व्हतं की.”

किल्ली टेबलावर ठेवून ते उठले. सवयीने हात गळ्याकडे गेला. गळ्यात माळ नव्हती.

आता गाडीवर दुसरा माणूस आहे. पेटी ठेवली की लगेच निघतो.