'शांत वेळ' चालू होती आणि टँकर येऊन गेला

मंडळी, ऑफिसातून घरी आले तरी आजची गोष्ट मनातून जात नाहीये.

लातूरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कोड लिहिताना सारखे फोन, मेसेज येतात. तंद्री मोडते, डोकं शिणतं. म्हणून मी 'शांत वेळ' नावाचं टूल बनवलं. ते चालू केलं की बंद करेपर्यंत फोन वाजतच नाही. पण ते कोणी वापरेना. मी वैतागले होते. आज सकाळी माझ्या टीममधल्या सिद्धार्थला समोर बसवून चालू करायला लावलं.

दुपारी त्यानं ते बंद केलं, तर त्याच्या आईचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. एवढ्या दिवसांनी त्यांच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला होता आणि निघूनही गेला होता. दुखऱ्या गुडघ्यांमुळं आईला घागर उचलवत नाही.

तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, "ताई, काम लई चांगलं झालं आज. फक्त घरी पाणी न्हाई."

संध्याकाळी मी टूलमध्ये सोय केली, की एका नंबरचा फोन शांत वेळेतही वाजेल. ज्याला त्याला नंबर विचारला. मला वाटलं, आईचा देतील, बायकोचा देतील. बहुतेकांनी टँकर आला की कळवणाऱ्या शेजाऱ्याचा दिला.

माझ्या घरच्या बोअरला अजून पाणी आहे. म्हणून मला हे सुचलंच नाही.

तुमच्या मनःशांतीसाठी ऑफिसात काहीबाही आणतात, तेव्हा मन नेमकं कुठं अडकलंय हे तुम्हाला कोणी विचारतं का?