फुटक्या पाट्यांचं ओझं

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी सांगलीच्या कॉलेजात परीक्षेचे पेपर वाटत होतो. ते साताऱ्यात एकटेच राहायचे. शेजारच्या बाईंचा फोन आला आणि मी हातातला गठ्ठा सहकाऱ्याकडे देऊन तसाच एस.टी.त बसलो. दवाखान्यात महिना गेला. मग मी त्यांना सांगलीला माझ्या दोन खोल्यांत आणलं. उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. शब्द हळूहळू परत येतील, असं डॉक्टर म्हणाले. ते आले नाहीत. उरलेसुरले चार-दोन शब्दही पुढच्या वर्षभरात गेले. आधी माझं नाव गेलं, मग आईचं. शेवटी पाणी मागायचा शब्दसुद्धा गेला.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठीच बोलायचो, फक्त देवाशी हिब्रूत. बाबांची सगळी नोकरी कोयनानगरला, धरणाच्या वीजघरात झाली. त्या वसाहतीत आमचं एकच ज्यू घर. दर शुक्रवारी संध्याकाळी आई शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा दिवा लावायची, आणि शेजारीपाजारी तो शनिवारचा उपास समजायचे. आम्ही कुणाला दुरुस्त करत बसलो नाही. पुढे आई गेली, बहीण लग्न करून इस्राएलला गेली. माझं लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे राहून गेलं.

बाबा फार धार्मिक नव्हते. एक गोष्ट मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. सकाळी उठलं की हात धुऊन, खिडकीशी उभं राहून ते एक छोटी प्रार्थना म्हणायचे. लहानपणी मी त्यांना तिचा अर्थ विचारला होता. ते म्हणाले, "देवाला सांगायचं, तू माझ्यात घातलेला आत्मा निर्मळ आहे. तूच घातलास, तूच एक दिवस परत नेशील. तोवर आभार."

"पण आपण खोटं बोलतो, मारामारी करतो. मग निर्मळ कसा?" मी विचारलं.

"मळतं ते आपलं वागणं. खालचं पाणी स्वच्छच असतं." वीजघरात काम करणारा माणूस, त्याला दुसरी कुठली उपमा सुचणार?

झटका आल्यानंतर ही प्रार्थनाही गेली. पहिले काही दिवस मी ती त्यांच्या कानाशी म्हटली. ते पंख्याकडे बघत राहायचे. मग मी म्हणणं सोडून दिलं. सकाळी साडेसहाला चादर बदलायची, अंग पुसायचं, पेज भरवायची, गोळ्या कुटून द्यायच्या आणि आठला कॉलेज गाठायचं. त्यात देवाला सांगण्यासारखं काही उरायचं नाही.

दुसऱ्या वर्षी माझी पाठ धरली, तेव्हा एका ओळखीच्या डॉक्टरांनी हवालदाराला पाठवलं. पाटणकडचा माणूस, घरचा ऊस होता, दोन्ही मुलं लष्करात. स्वतः लष्कराच्या इस्पितळांमध्ये रुग्णसेवा करून निवृत्त झालेला. घरी बसवेना म्हणून हे काम करायचा. आठवडाभर आमच्याकडे राहायचा आणि रविवारी गावी जायचा. सगळे त्याला हवालदार म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो.

पहिल्याच दिवशी तो बाबांच्या खाटेसमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "राम राम बाबा. आजपासनं मी तुमच्या ड्यूटीवर हाय." मग माझ्याकडे वळून, "ह्यांचं काम काय हुतं?"

"वीजघरात होते. कोयनेला."

"आवं, मंग आमच्या घरात उजेड ह्यांच्यामुळंच की!" असं म्हणून त्यानं बाही वर सारली.

त्याची एक सवय मला सुरुवातीला खटकायची. काहीही करण्याआधी तो बाबांना सांगायचा. "बाबा, आता कुशीवर वळवतो. बाबा, पानी जरा गार हाय बरं का." आंधळ्या माणसाला रस्ता दाखवावा तसं चालायचं. बाबांच्या चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. मला वाटायचं, हा स्वतःशीच बडबडतोय.

मार्चमधल्या एका सकाळी मी नको ते करून बसलो. विद्यापीठाच्या परीक्षा होत्या आणि मला साडेसातला केंद्रावर पोचायचं होतं. बाबांनी अंथरूण खराब केलं होतं. हवालदार स्वयंपाकघरात पाणी तापवत होता. मी चादर ओढायला गेलो तर बाबांनी डाव्या हातानं खाटेचा कठडा घट्ट पकडलेला. सुटेना. मी एकेक बोट उचकटायला लागलो. एक उचकटलं की दुसरं परत बसायचं. मी त्यांचं मनगट पिरगाळून ओढलं आणि ओरडलो, "सोडा! आता काय उरलंय तुमच्यात, धरून ठेवण्यासारखं?"

हात सुटला. बाबांच्या तोंडून एक बारीक आवाज आला, लहान मुलाला चिमटा काढल्यावर येतो तसा. दारात गरम पाण्याची बादली घेऊन हवालदार उभा होता.

तो एवढंच म्हणाला, "सर, तुमी जावा परीक्षेला. मी बघतो."

मी गेलो. तीन तास वर्गातून येरझारा घातल्या. कुणी कॉपी केली असती तरी मला दिसली नसती.

संध्याकाळी परतलो तेव्हा बाबांच्या मनगटावर काळंनिळं पडलं होतं. हवालदारानं त्यावर तेल लावून हात उशीवर ठेवला होता. माझ्यासमोर चहा ठेवून तो खाली बसला.

"एक सांगू का सर? राग येनार न्हाई न्हवं?"

"सांगा."

"वर बर्फात पोस्टिंगला हुतो तवाची गोष्ट. बिहारकडचा एक जवान आनला. डोक्याला मार, शुद्धच न्हाई. अकरा दिवस तसाच. आमचा सुभेदार लय कडक. त्याची आर्डर हुती, हात लावायच्या आदी त्याला सांगायचं. सुई टोचतो, कूस बदलतो, काय आसंल ते. मी नवीन हुतो. मला हसू यायचं."

"त्याला ऐकू येत होतं का?"

"मला काय म्हायती? तो गेला बाराव्या दिवशी. पन मला ऐकू यायचं की, सर. मी बोलत आसलो की माजा हात नीट चालायचा. गप्प ऱ्हायलो की त्येचं वझं व्हायचं. मानसाचं पोतं व्हायला येळ लागत न्हाई बगा."

मी चहा प्यायलो नाही. मला त्याचा राग आला नाही, लाजही वाटली नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं, जिना चढता चढता वर अजून एक मजला आहे हे कळावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला आमच्या हजानकाकांना फोन केला. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला आम्ही हजान म्हणतो. काका ऐंशीच्या पुढचे, कानानं अधू. मी मोठ्यानं विचारलं, "ज्याला काहीच कळत नाही, त्याच्या वतीनं सकाळची प्रार्थना म्हटली तर चालते का?"

"कोण, तुझे बाबा?"

"हो. त्यांना देवही आठवत नाही आता."

ते म्हणाले, "सिनाय डोंगरावरच्या दगडी पाट्या माहीत आहेत ना? आज्ञा कोरलेल्या. पहिल्या पाट्या फुटल्या, मग दुसऱ्या मिळाल्या. पहिल्यांचे तुकडे कुठे गेले?"

"टाकले असतील."

"नाही टाकले. आपली जुनी माणसं सांगतात, चांगल्या पाट्या ज्या पवित्र पेटीत ठेवल्या, त्याच पेटीत फुटक्याही ठेवल्या. शेजारी शेजारी. म्हणून म्हाताऱ्या माणसाला जपायचं म्हणतात, शिकलेलं सगळं विसरला असला तरी. अक्षरं पुसली म्हणून पेटीतली जागा जात नाही."

मी म्हणालो, "काका, ती पेटी वाळवंटातून खांद्यावरून न्यायचे ना? चांगल्यांचं ओझं, वर फुटक्यांचंही. उचलणारे थकत नव्हते?"

"थकत असतील की," हजानकाका म्हणाले. "त्याबद्दल मी काही ऐकलेलं नाही." मग ते खोकत खोकत हसले. "तू जेवतोस का नीट?"

त्या संध्याकाळी भरवायला मी स्वतः बसलो. चमचा त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि मध्येच थांबलो. आमच्यात माणूस गेल्यावर त्याला स्नान घालतात, आणि स्नान झालं की घालणारे त्याचं नाव घेऊन माफी मागतात. हात लावताना काही चुकलं असेल, मान राखला गेला नसेल, तर माफ कर म्हणतात. लहानपणी आजोबांच्या वेळी मी हे ऐकलं होतं. मला वाटलं, तोवर कशाला थांबायचं? मी बाबांचं पूर्ण नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, जसं प्रार्थनेत घेतात. म्हणालो, "मी तुमचा हात पिरगाळला. तुमच्यात काही उरलं नाही म्हणालो. माफ करा."

बाबा माझ्याकडे बघत होते की माझ्यामागच्या भिंतीकडे, सांगता यायचं नाही. त्यांनी तोंड उघडलं. माफ केलं म्हणून की चमचा समोर होता म्हणून, तेही मला कळलं नाही. मी भरवलं.

यानंतर माझा स्वभाव बदलला असं म्हणणं खोटं होईल. पाठ दुखतच होती. काही सकाळी अंथरुणातून उठताना, हे कधी संपेल, असा विचार यायचा आणि तो विचार आला म्हणून दिवसभर तोंड कडू व्हायचं. पण मी हात लावण्याआधी सांगायला लागलो. "बाबा, चादर काढतोय. बाबा, डावा हात उचलतोय." हवालदार म्हणत होता ते खरं निघालं, बोलत असलो की हात सावकाश चालायचा. आणि सकाळची प्रार्थना परत सुरू केली. एखाद्या दिवशी घाईत विसरलो तर आतून आवाज यायचा, "सर, आज बाबांची हजेरी न्हाई झाली." त्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता. त्याच्या लेखी ती हजेरीच होती.

आठ महिने असे गेले. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी हवालदारानं मला हाक मारली. बाबांचा श्वास लांब लांब पडत होता. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो. त्यानं त्यांच्या पायावर हात ठेवला होता, मी डोक्यावर. सातच्या सुमाराला पुढचा श्वास आला नाही.

सांगलीत आमचं कबरस्तान नाही, पुण्याला न्यायचं होतं. रुग्णवाहिका आली. मी हवालदाराला सांगितलं, की आमच्यात मयताला दफनापर्यंत क्षणभरही एकटं ठेवत नाहीत. त्यानं एवढंच विचारलं, "मंग मी मागं बसू?" आणि पुण्यापर्यंत तो मागंच बसला. वाटेत कराडला चालक चहाला थांबला तरी हवालदार उतरला नाही. मी त्याला कप नेऊन दिला तर म्हणाला, "ड्यूटीवर न्हाई चालत."

दुपारी कबरस्तानात हजानकाका काठी टेकत आले. आत चौघांनी बाबांना स्नान घातलं. मुलानं आत जायचं नसतं, म्हणून मी दाराशी उभा होतो, माझ्यामागे हवालदार. आतून पाण्याचा आवाज यायचा, मध्येच प्रार्थना. मग काकांनी बाबांचं नाव घेतलं आणि माफी मागितली, आधी हिब्रूत, मग मराठीत.

"काय म्हनले?" हवालदारानं हळूच विचारलं. मी सांगितलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आमी किती पोरांना गुंडाळून पाठवलं सर. सलामी दिली. पन माफी कुनीच न्हाई मागितली. मागाया पायजे हुती."

गेलेल्यासाठी मुलानं म्हणायच्या प्रार्थनेला आमच्यातलेच दहा पुरुष लागतात. मोजले तर नऊच होते. दहावा गाड्यांच्या गर्दीत अडकला होता. हवालदार पुढे झाला, "मी हाय की." हजानकाका त्याला म्हणाले, "मोजणीत नाही धरता येत बाबा तुम्हाला. नियम आहे. पण उभे राहा. इथे, माझ्या शेजारी." तो रुमाल डोक्याला बांधून काकांशेजारी उभा राहिला. थोड्या वेळानं दहावा आला आणि मी प्रार्थना म्हटली. माती लोटताना हवालदारानं फावडं घेतलं नाही, ओंजळीनं टाकली.

सात दिवस मी पुण्यात आतेबहिणीकडे सुतकात बसलो. सातव्या दिवशी दुपारी दारात हवालदार. "म्हटलं, एकटंच याल."

परतीच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला. साताऱ्याच्या पुढे आल्यावर त्यानं विचारलं, "तुमच्यात पुन्ना जन्म आसतो का?"

"कुणी म्हणतात असतो, कुणी नाही म्हणतात. मला माहीत नाही."

"आमच्यात आसतो. तरी आमी मानसाला कसंबी वागवतो." मग तो माझ्याकडे वळला. "तुमचे बाबा कसं हुते, म्हंजी आदी, बोलते हुते तवा?"

इतके महिने त्यानं त्यांना न्हाऊमाखू घातलं होतं आणि त्यांचा एक शब्दही ऐकला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी सांगायला सुरुवात केली. ते कसे मोठ्यानं शिंकायचे आणि मग स्वतःच दचकायचे. धरणीकंपाचा हादरा बसला की आधी आईला हाक मारून मग बाहेर पळायचे. पत्त्यांत उघड उघड लबाडी करायचे. सांगता सांगता मीच हसलो. कितीतरी महिन्यांनी. हवालदारही हसला, आणि म्हणाला, "पत्त्यात लबाडी? बाबा? चेहऱ्यावरनं वाटत न्हवतं गड्या."

कराडला तो उतरला. शिराळ्याला एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे त्याला पुढच्या सोमवारपासून जायचं होतं, त्याआधी चार दिवस घरी ऊसतोड बघायची होती. खाली उभा राहून त्यानं खिडकीवर थाप मारली. "जेवत जावा सर." गाडी सुटली. इस्लामपूर येईपर्यंत मला बाबांच्या अजून दोन-तीन गोष्टी आठवल्या, त्याला सांगायच्या राहिलेल्या. त्या मी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवल्या.