दुसरा तांब्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चोरून ओढलेल्या विड्यासुद्धा ठाऊक आहेत. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

मी मोरगावकडचा, पण इतिहास शिकवला तो भिगवणजवळच्या एका हायस्कुलात. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. पुण्यात शिक्षकांच्या एका शिबिरात एक कल्पना ऐकली आणि ती डोक्यातच बसली — इकडच्या आणि पाकिस्तानातल्या मुलांनी फाळणीचा धडा मिळून शिकायचा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, लिहायचं आणि एकमेकांना पाठवायचं. लाहोरकडच्या एका शिक्षकांचा पत्ताही मिळाला. मग वर्गात मी मैत्रीवर काय काय भाषणं ठोकली, विचारू नका.

आता आमच्याकडे फाळणी कुणी पाहिलेली? पण गाव सोडणं पाहिलं होतं. उजनी धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं ते. नववीतल्या सुमननं आपल्या आजोबांचं, तात्यांचं, लिहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तात्या जुन्या गावात जातात, आपल्या घराचा दगडी उंबरा शोधतात, गाळ काढून त्यावर तांब्याभर पाणी ओततात, हळदकुंकू वाहतात आणि परत येतात. मी त्याचं इंग्रजी करून पाठवलं. त्यानंतर सुमन रोज विचारायची, "गुरुजी, आलं का पत्र?"

आलं. मेच्या सुट्टीत, माझ्या नावावर, चांगलं जाड पाकीट.

तिकडच्या एका मुलीनंही आजोबांचंच लिहिलं होतं. जालंधरकडचं गाव सोडून गेलेला माणूस. सुमनचं पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, यांचं गाव पाण्याखाली, तरी यांना उंबरा सापडतो. माझं गाव उन्हात उभं आहे आणि मला जाता येत नाही. यंदा एक तांब्या माझ्या नावानं ओता. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं जुन्या घराचा नकाशा काढला होता, विहिरीसकट. आणि शेवटी — आता ते राहतात त्या घराच्या आधीच्या शीख मालकाचं नाव. त्यांचं कुणी भेटलं तर सांगा, उंबरा शाबूत आहे.

मी ते पान हातात धरून किती वेळ बसलो होतो कोण जाणे. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण एवढं मोठं काही माझ्या हातात कधी आलं नव्हतं.

आणि मग सीमेवर लढाई पेटली. आमच्या गावची दोन पोरं फौजेत. पारावर रेडिओभोवती माणसं जमायची. गुरुजींना तिकडून पत्रं येतात, असं कुणी म्हटलं तर? नुसतं म्हटलं तरी? कुणी काही म्हटलं नव्हतं हो. मीच आधी घाबरलो. पाकीट पिशवीच्या तळाशी घातलं.

त्याच आठवड्यात तात्या जुन्या गावात निघाले, सुमन होती, मलाही बोलावलं. भेगाळलेल्या गाळातून चाललो. तात्यांनी उंबरा बरोबर शोधला, हातानं गाळ काढला, पाणी ओतलं. मग माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तिकडच्या लोकांचं काय आलं का वो?"

पाकीट माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं.

"नाही तात्या," मी म्हणालो. "त्यांनी उत्तरच दिलं नाही. त्यांना काय पडलंय आपलं?"

सुमननं मान खाली घातली. तात्यांनी तांब्या खाली ठेवला.

"आसं नका म्हणू. गाव सुटल्यालं माणूस हाय ते. लिवाया बसलं की हात चालत न्हाय." मग सुमनला म्हणाले, "आजून एक तांब्या भरून आण गं. त्येंच्या नावानं वतू. त्येंना कुठं येता येतंय हितं?"

तिनं आणला. तात्यांनी तो दुसरा तांब्या उंबऱ्यावर सावकाश ओतला आणि वाकून नमस्कार केला. पत्र न वाचता. मी खोटं बोललेलो असताना. त्या अशिक्षित माणसापुढे मी कोण होतो? तेव्हा तरी पाकीट काढायचं. खांद्यावरच तर होती पिशवी.

नाही काढलं.

तात्या पुढच्या वर्षी वारले. तिकडे मी कधी उत्तर पाठवलं नाही. मागून दोन पत्रं आली, ती फोडलीही नाहीत.

त्याच सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर पहिल्या चाचणीत प्रश्न होता — भारताचे शेजारी राष्ट्रांशी संबंध. सुमननं लिहिलं, "आम्ही त्यांना पत्र पाठवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना मैत्री नको आहे."

मी त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि पूर्ण गुण दिले.