जाळरेषेचं माझं टोक

दादा डोंगरावरून खाली यायला तयार नाही, असा पायथ्याच्या गावातल्या दुकानदाराचा फोन आला, तेव्हा मी कोपरच्या घरी पापड वाळत घालत होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मोहनेचा कारखाना बंद पडल्यावर तो बरीच वर्षं घरीच होता. मग वहिनी गेली, आणि कुणाच्या तरी ओळखीने त्याला वनखात्यात वणव्यावर नजर ठेवायचं काम मिळालं. उन्हाळाभर मलंगगडापलीकडच्या एका डोंगरावर राहायचं, धूर दिसला की खालच्या कचेरीत कळवायचं. पावसाळ्यात त्याच उतारावर रोपं लावायची. या वर्षी त्याला सांगितलं, पुढच्या हंगामापासून माणूस नको, आग लागली की आता मोबाइलवर कळतं. तेव्हापासून तो तांदूळ न्यायलाही उतरला नव्हता.

मी एकटीच गेलेले. कल्याणहून रिक्षा, पुढे पायवाट. गुडघे धरत, बसत-उठत तीन तासांनी वर पोचले. इंग्रजांच्या काळातली दगडी चौकी, एकच खोली, चारही भिंतींना खिडक्या. दादा दारात उभा होता. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबत होता.

"कशाला आलीस एवढं चढून?"

"तुला न्यायला. आज राहणारे मी."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला खालच्या उतारावर घेऊन गेला. ऐन, बेहडा, खैर. सगळी त्याने लावलेली, कमरेएवढी झालेली. त्यांच्या कडेने गवत काढून रुंद पट्टा मोकळा केला होता. जाळरेषा म्हणतात तिला. वणवा तिथवर येतो आणि जळायला काही न मिळाल्याने विझतो.

"तुझा पोरगा बोलावतोय रे," मी म्हटलं. "घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, सगळं आहे."

"अजून दोन वर्षं. ही डोक्याच्या वर गेली की आग त्यांचं काही करत नाही. मग येतो."

संध्याकाळी समोरच्या उतारावर धूर दिसला. दादाने कचेरीत फोन लावला. गाडी बाहेर गेलीय, सकाळी माणसं पाठवतो, असं उत्तर आलं. खरं सांगते, धूर बघून मला आधी भीती वाटलीच नाही. मनात आलं, जळू दे. जळलं की येईल हा घरी.

अंधार पडेपर्यंत आग आमच्या बाजूला आली. दादाने हिरव्या फांद्या तोडल्या, एक माझ्या हातात दिली.

"तू या टोकाला थांब. ठिणगी पट्टा ओलांडून अलीकडे पडली की झोडपायची. घाबरू नकोस, आग तुझ्यापर्यंत येत नाही."

आणि तो दुसऱ्या टोकाला धावला. मी दोन ठिणग्या विझवल्या, कदाचित तीन. मग पलीकडचं एक वाळकं झुडूप भडकन पेटलं, तोंडावर झळ आली, केस करपल्याचा वास आला. मी फांदी टाकली आणि पळत सुटले. थेट चौकीत.

खिडकीतून बघितलं तर माझ्याच टोकाने आग आत शिरली होती. दादा तिकडे धावत येत होता. तेव्हा आग लहान होती, एका माणसाला झोडपता आली असती. पण त्याने झाडांकडे बघितलंच नाही. तो धुरात मला शोधत होता.

"कुठे आहेस गं? अगं, कुठे आहेस?"

मला त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. ओ द्यायला तोंड उघडलं, पण 'मी इथे वर आहे' एवढंही म्हणता येईना. तो हाका मारत इकडून तिकडे पळत राहिला.

बऱ्याच वेळाने तो वर आला. मला बघून दारातच थांबला.

"लागलं नाही ना कुठे?"

मी मान हलवली. त्याने मडक्यातलं पाणी ओतून मला दिलं. मग आम्ही दोघं खिडकीशी बसून झाडं जळताना बघत राहिलो.

सकाळी उशिरा दोन माणसं आली, फोटो काढून गेली. दादाने वळकटी बांधली. न्यायला आलेली मी, पण डोंगर उतरताना पुढे तोच होता.

तेव्हापासून तो मुलाकडे आहे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. परवा मी गेले तेव्हा भाच्याने स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "आत्या, त्या रात्री नक्की काय झालेलं? बाबा नुसतं म्हणतात, वारा फिरला."

"हो रे," मी म्हटलं. "वारा फिरला."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. दादा जागा होता.